रोटरी डिचरने चारी खोदताना: काळ्या जमिनीसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला की निफाड, दिंडोरीकडून एकच तक्रार कानावर येते. "चारी खोदली, पण पाणी हलत नाही." जाऊन पाहावं तर काठ सुरीने कापल्यासारखे सरळ असतात आणि मधोमध गुडघाभर पाणी साचलेलं असतं. बाग पाण्यात, मुळ्या पाण्यात. मशीनमालकाचे तासाचे पैसे देऊन झालेले असतात.

रोटरी डिचरच्या, म्हणजे पात्यांच्या फिरत्या चाकाने चारी खोदणाऱ्या यंत्राच्या, चाकाने काम चोख केलेलं असतं. चुकलेला असतो क्रम. पोकलेनच्या बकेटने खोदताना ऑपरेटर जागेवर थांबून बघतो, चूक सुधारतो. रोटरी डिचरचं चाक मात्र दिलेल्या रेषेत, दिलेल्या खोलीवर सरळ निघून जातं आणि उपसलेली माती लांब फेकून देतं. तळ जास्त खोल गेला तर भरायला ती माती जवळ उरत नाही. म्हणून या कामात निम्मी मेहनत मशीन वावरात येण्याआधीची आहे.

पुढचं सगळं पोकलेनच्या बूमला बसणाऱ्या, हायड्रॉलिक मोटरवर चालणाऱ्या डिचरबद्दल आहे. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा डिचर असेल तर टप्पा ५ मधला तेलाचा भाग सोडा, बाकी तेच लागू आहे.

टप्पा १: पाणी कुठे सोडायचं ते आधी ठरवा

चारीचं तोंड म्हणजे पाणी बाहेर पडण्याची जागा. नाला, ओहोळ किंवा आधीची मोठी चारी. आधी तिथे जा आणि पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं याची खूण शोधा. काठावर अडकलेला काडीकचरा, गवताची वाकलेली पाती, जुन्या माणसांची आठवण, यातून ती कळते. चारीचा तळ नाल्याच्या रोजच्या पावसाळी पाण्यापेक्षा किमान ३० सेंटिमीटर वर यायला हवा. तेवढा मिळत नसेल तर चारीची खोली कमी करा. खोल चारी आणि बुडालेलं तोंड यांचा काही उपयोग नाही, नाल्याचंच पाणी वावरात शिरतं.

तोंड शेजाऱ्याच्या वावरात निघत असेल तर मशीन बोलवण्याआधी त्याच्याशी बसून बोला. नैसर्गिक प्रवाह अडवल्याचे वाद मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांपुढे जातात आणि त्यात दोघांचा हंगाम जातो. रस्त्याच्या गटारात पाणी सोडायचं असेल तर रस्ता ज्या खात्याचा आहे त्याची परवानगी घ्या. पाटाच्या चारीला धक्का लावायचा नाही, तिथे पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय कुदळही मारू नका.

टप्पा २: जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहा

बकेट तारेला अडकली तर ऑपरेटरच्या हाताला ते जाणवतं. फिरत्या चाकाला तार लागली तर ती क्षणात गुंडाळली जाते, सोबतचे खांबही ओढले जातात. म्हणून रेषेतून चालत जा आणि या गोष्टींवर फक्की (चुन्याची पांढरी भुकटी) मारून खूण करा:

– ठिबकची मुख्य आणि उपमुख्य पाईपलाईन, व्हॉल्व्हच्या चेंबरसह
– विहिरीच्या आणि बोअरच्या मोटरची केबल
– द्राक्षबागेच्या ओळीच्या टोकाचे ताण, अँगल आणि जमिनीत पुरलेले दगड
– जुन्या मांडवाच्या तुटून जमिनीत राहिलेल्या तारा
– कांद्याच्या वावरात अर्धवट गाडला गेलेला मल्चिंग पेपर

पाईपलाईन नेमकी कुठून गेली हे घरातल्या जुन्या माणसाला विचारा, आणि तरीही दोन ठिकाणी हाताने उकरून खात्री करा. वीस वर्षांपूर्वी पुरलेली लाईन आठवणीत सरळ असते, जमिनीत वाकडी असते.

नाशिक जिल्ह्यातून पेट्रोलियम पदार्थ वाहणारी मुंबई–मनमाड पाईपलाईन जाते. तिच्या पट्ट्यात खुणेचे खांब असतात. १९६२ च्या कायद्याने त्या पट्ट्यात वापराचा हक्क घेतलेला असतो. वावराजवळून असा खांबांचा पट्टा जात असेल तर खांबावरच्या क्रमांकावर फोन करून, त्यांचा माणूस समोर असल्याशिवाय मशीन आणायचं नाही. जमिनीखालच्या केबल आणि पाईपच्या मालकांना खोदकामाची आगाऊ सूचना देण्यासाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २०२३ पासून आहे. रस्त्याकडेच्या चारीसाठी ते जरूर वापरा.

आता पहार घ्या. रेषेवर दर २५–३० मीटरला चारीच्या पूर्ण खोलीपर्यंत एक खड्डा घ्या. काळी माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो, गोटा आहे का, हे यातच कळतं. मऊ मुरूम चाक कापतं. पहार ठणकून उडाली तर तो कातळ आहे. तेवढा तुकडा बकेट आणि ब्रेकरसाठी (खडक फोडणाऱ्या हातोड्यासाठी) सोडा.

इशारा: मुठीपेक्षा मोठे गोटे सारखे लागत असतील तर रोटरी डिचरचा नाद सोडा. पाती तर जातातच, पण चाकाने भिरकावलेला गोटा दूरवरच्या माणसाला लागू शकतो.

टप्पा ३: लेव्हल, खुंट्या आणि फक्की

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

डोळ्याने उतार ठरवायचा नाही. बांधाच्या तिरक्या रेषा आणि दूरची डोंगररांग यांमुळे नजर फसते. उलटा उतार सुलटा वाटलेला मी स्वतः अनुभवला आहे. दुर्बीणवाला (लेव्हल मोजणारा) मिळाला तर उत्तम. नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी पुरते. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, वाचन घेताना दोन्ही टोकं उघडी ठेवा, आणि शेवटच्या खुंटीपासून उलट मोजत पहिल्या खुंटीवर परत या. पहिल्या वाचनात आणि परत आल्यावरच्या वाचनात २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

काळ्या जमिनीच्या उघड्या चारीला १०० मीटरला २० सेंटिमीटर उतार मी धरतो. त्याहून कमी असेल तर गाळ बसतो. फार जास्त असेल तर तळ आणि काठ वाहून जातात.

हिशेब तोंडापासून वर करायचा. तोंडाचा तळ शून्य धरा. दर २५ मीटरला तळ ५ सेंटिमीटरने वर चढतो. समजा तोंडापासून ७५ मीटरवरची खुंटी आहे. तिथे तळ १५ सेंटिमीटरवर हवा. तिथली जमीन तोंडाच्या तळापेक्षा ८५ सेंटिमीटर उंच असेल तर खोली ८५ वजा १५, म्हणजे ७० सेंटिमीटर. हा आकडा खुंटीवर खडूने नाही, ऑइलपेंटने लिहा. दुपारपर्यंत सगळ्या खुंट्या मातीने माखतात.

खुंट्या चारीच्या मध्यरेषेवर ठोकू नका, पहिल्याच फेरीत चाक त्या खाऊन टाकतं. मशीनच्या मार्गाबाहेर, बांधाच्या अंगाला समांतर रेषेत ठोका आणि सगळीकडे तेच अंतर ठेवा. मध्यरेषा फक्त फक्कीने आखा. वळण असेल तर काटकोन घेऊ नका, ८–१० मीटरमध्ये हळूहळू फिरवा. काटकोनात पाणी समोरचा काठ पोखरतं.

आणि इथेच मशीनचा मार्ग ठरवा. मशीन बांधाच्या बाजूने चालणार, माती वावराकडे पडणार. याचा अर्थ बांध आणि चारी यांच्यात मशीनला चालायला जागा हवी. ७–८ टनाच्या पोकलेनला मी ४ मीटरचा पट्टा सोडायला सांगतो. "एवढं वावर जातं," असं प्रत्येक शेतकरी म्हणतो आणि ते खरंच आहे. पण त्याच पट्ट्यावरून पुढे ब्लोअर (फवारणीचं यंत्र) आणि ट्रॅक्टर जातो आणि दरवर्षी चारी साफ करायलाही तिथूनच जावं लागतं. जागा सोडायची नसेल तर बकेटने खोदा. बांधाला चिकटून रोटरी डिचर चालवला तर बांध कोरला जातो, मग भांडण ठरलेलं.

तपासणी: तोंडापासून टोकापर्यंत चालत जा आणि प्रत्येक खुंटीवरचा आकडा मोठ्याने वाचा. शेजारच्या दोन आकड्यांमध्ये अचानक मोठी उडी आली आणि जमिनीत तसा चढउतार दिसत नसेल, तर वाचन चुकलं आहे.

टप्पा ४: वापसा बघा, तोही तळाचा

ओल्या काळ्या मातीत चाक फिरलं की काठ सारवल्यासारखे गुळगुळीत होतात. दिसतात सुंदर, पण त्या चिकण थरातून वावरातलं पाणी चारीत झिरपत नाही. पाती चिखलाने भरतात, माती फेकली न जाता गोळे होऊन काठावरच पडते. एप्रिल–मेमध्ये जमीन कडक सुकली असेल तर ढेकळं उडतात, काठ भेगांवरून सुटतात आणि डिझेल दुप्पट लागतं.

म्हणून वापसा, म्हणजे माती चिखलही नाही आणि कडकही नाही अशी अवस्था. वर बोटभर धूळ आणि दोन फुटांवर चिखल, असं आपल्याकडे हमखास असतं, त्यामुळे वरची माती बघून निर्णय घेऊ नका. टप्पा २ मधल्या खड्ड्यांच्या तळाची माती घ्या. मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटून पसरला तर काम सुरू करा. चपटा होऊन पडला तर थांबा. दुसरी परीक्षा म्हणजे तळहातावर वळून बघा. काडेपेटीच्या काडीएवढी, ३ मिलिमीटरची बारीक दोरी न तुटता झाली तर माती अजून ओली आहे.

बागेसाठी सोयीचा काळ म्हणजे माल निघाल्यानंतर ते पावसाळ्याआधी. खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावरची उन्हाळी छाटणी) कोवळी फूट असताना बागेच्या अंगाला माती फेकू नका. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची छाटणी) तर हे काम काढूच नका. वळवाचा एखादा पाऊस पडून चार-सहा दिवस ऊन मिळालं, तर तो वापसा सोडू नका.

टप्पा ५: मशीन आणि डिचर एकमेकांना जुळतात का

"ब्रेकर चालतो ना, मग डिचरही चालेल," हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. ब्रेकरला ठोके मारायला तेल लागतं. डिचरच्या मोटरला सतत, एकसारखं तेल लागतं आणि त्याची परतीची वाट मोकळी लागते. तीन गोष्टी कागदावर जुळवून घ्या.

पहिली, तेलाचा प्रवाह. चाकाचे मिनिटाचे फेरे काढायला मिनिटाला येणारे लिटर गुणिले १०००, भागिले मोटरचे सीसी (एका फेऱ्याला मोटर घेते तेवढं तेल). मशीन मिनिटाला ९० लिटर देतं आणि मोटर ३०० सीसीची असेल तर ३०० फेरे, गळती धरून थोडे कमी. डिचर बनवणाऱ्याने दिलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त येत असतील तर मशीनच्या अटॅचमेंट सेटिंगमध्ये प्रवाह कमी करा. कमी येत असतील तर माती लांब जाणार नाही, काठावर ढीग होईल.

दुसरी, ताकद. दाब बारमध्ये, प्रवाह लिटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. २०० बार आणि ९० लिटर म्हणजे ३० किलोवॅट, साधारण ४० एचपी. छोट्या पोकलेनच्या इंजिनाचा मोठा वाटा एकट्या चाकाला जातो. चाक अडकत असेल तर मशीन हळू चालवा. रिलीफ व्हॉल्व्ह पिळून दाब वाढवू नका. तो व्हॉल्व्ह गोट्यावर चाक अडकल्यावर मोटर वाचवण्यासाठीच आहे.

तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे तिसरा पाईप. जाड दोन होजशिवाय मोटरच्या अंगातून एक बारीक होज निघतो, केस ड्रेनचा. मोटरच्या आत गळणारं तेल त्यातून थेट टाकीत जायला हवं, दाबाशिवाय. मशीनवर जागा नाही म्हणून हा होज बंद करून टाकतात किंवा परतीच्या जाड लाईनला जोडतात. मोटरच्या अंगात दाब साठतो आणि शाफ्टचं सील फुटतं. माझ्या एका कामावर हे घडलं. भाड्याने आणलेल्या डिचरला तो होज बंद करूनच पाठवलं होतं, आम्ही न तपासता सुरू केलं आणि अर्ध्या तासात चाकाच्या मध्यातून तेल वाहू लागलं. वापसा निघून गेला, काम पुढच्या वर्षावर गेलं. टाकीकडे जाणारी स्वतंत्र लाईन नसेल तर मशीन दुसरं बघा.

जोडण्याचा क्रम: इंजिन बंद करा, डिचर जमिनीवर टेकवा, लिव्हर हलवून लाईनमधला दाब सोडा, कपलर कोरड्या फडक्याने पुसा, केस ड्रेन सगळ्यात आधी जोडा, मग परतीची लाईन, शेवटी दाबाची. काढताना उलट. डिचर दुसऱ्या मशीनवरून आला असेल तर त्यात कोणतं तेल आहे ते विचारा. होजमधलं काळं, गाळाचं तेल आपल्या टाकीत जाऊ देऊ नका.

इशारा: होजची बारीक गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, जखम ठिपक्याएवढी दिसते आणि हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठा धरून बघा. तेल घुसलंच तर दुखण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

पात्यांचे बोल्ट पान्याने घट्ट करा आणि पहिल्या तासानंतर पुन्हा. झिजलेलं पातं बदलायचं तर समोरासमोरची जोडी बदला. एकच बदललं तर चाकाचा तोल जातो आणि सगळा बूम थरथरतो.

टप्पा ६: दहा मीटरची चाचणी

माती जिथे पडणार त्या बाजूला कोणीही थांबणार नाही, जनावरंही नाहीत. चाकाच्या पुढे आणि मागेही माणूस नको. किती लांब थांबायचं हे डिचरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते अंतर पाळा. खोली बघणाऱ्या माणसाने चाक पूर्ण थांबल्यावरच जवळ जायचं, त्यासाठी हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या. मशीनच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत.

चाक हवेत कमी रेसवर ५ मिनिटं फिरवा, तेल गरम होऊ द्या. मग तोंडाजवळ दहा मीटर, २० सेंटिमीटर खोल फेरी घ्या आणि थांबा. माती कुठवर गेली ते बघा. काठापासून मीटरभर जागा मोकळी हवी. माती जवळ पडत असेल तर माती अडवणाऱ्या झडपेचा पत्रा थोडा उघडा, बागेवर जात असेल तर खाली करा. थांबवताना लिव्हर एकदम सोडू नका, जड चाक फिरतच राहतं आणि मोटरला तेल कमी पडतं. हळूहळू थांबवा.

टप्पा ७: खोदकाम, खालून वर

प्रत्येक फेरी तोंडाकडून सुरू करून वरच्या टोकाकडे न्यायची. वरून सुरुवात केली आणि मध्ये पाऊस आला तर खोदलेला भाग तळं बनतो, आठवडा जातो. खालून आलात तर अर्धी चारीही कामाला येते.

एका फेरीत २० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेऊ नका. ६० सेंटिमीटरच्या चारीला तीन फेऱ्या आणि शेवटी ५ सेंटिमीटरची सफाईची फेरी, त्यासाठी आधीच्या तिसऱ्या फेरीत तेवढं राखून ठेवा. एका फेरीत पूर्ण खोली घेतली तर तळ लाटेसारखा होतो, कारण चाकावर भार आला की बूम वर उचलला जातो.

मशीनची जवळची चेन (ज्यावर पोकलेन चालतं तो पट्टा) काठापासून किमान चारीच्या खोलीएवढी लांब ठेवा. दोन्ही चेन सपाट जमिनीवर हव्यात. एक चेन सरीत उतरली की चाक कलतं आणि तळही कलतो. त्या पट्ट्यातल्या सऱ्या आधी फणाने मोडून घ्या.

दर खुंटीला चाक थांबवून खोली मोजा. मधल्या भागासाठी टी आकाराच्या एकसारख्या उंचीच्या तीन काठ्या करा. दोन काठ्या मोजलेल्या दोन ठिकाणी तळावर उभ्या, तिसरी मध्ये. तिन्ही माथे एका रेषेत दिसले तर तळ बरोबर. मधली काठी उंच दिसली तर तिथे उंचवटा राहिला आहे, पुढच्या फेरीत काढा. खाली दिसली तर खड्डा पडला आहे.

इशारा: पडलेला खड्डा सुट्या मातीने भरू नका, पहिल्याच पाण्यात ती वाहून जाते. २–३ सेंटिमीटरचा असेल तर तसाच सोडा. मोठा असेल तर मुरूम भरून ठोकून घ्या.

जिथून ट्रॅक्टर चारी ओलांडणार तिथे चाक चालवू नका. तो तुकडा बकेटने काढा, तळाच्या लेव्हलला सिमेंटचा पाईप टाका आणि वर मुरूम दाबा.

टप्पा ८: माती आणि मोऱ्या

वर १.५ मीटर, तळाला ३० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल चारी धरा. १०० मीटरला ५४ घनमीटर, म्हणजे सुमारे १९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते. सुटी झाल्यावर ती पाव पटीने वाढली आणि १० मीटर पट्ट्यात पडली तर जवळपास ७ सेंटिमीटरचा थर होतो. बकेटच्या कामात हीच माती काठावर तट होऊन बसते आणि वावराचं पाणी चारीपर्यंत पोचतच नाही. रोटरीचा खरा फायदा हा आहे. पण मुरूम लागला असेल तर तो काळ्या मातीवर पसरू देऊ नका, ती फेरी वेगळी घ्या आणि मुरूम वाटेसाठी ओढून घ्या.

काठावरून पाणी कुठूनही पडू दिलं तर घळी पडतात. वावरातल्या सऱ्या एकत्र करून ठरावीक ठिकाणी पाईपच्या मोरीतून पाणी आत सोडा, आणि मोरीखाली दगड लावा. चारीच्या तोंडालाही दोन-तीन मीटर दगडी पिचिंग करा.

टप्पा ९: पहिला पाऊस

पाऊस थांबल्यावर तासाभरात, पाणी वाहत असतानाच, तोंडापासून वर चालत जा. पाणी थांबलेल्या जागी खुंटी मारा. काठ सुटला असेल तिथे फावड्याने उतार सौम्य करा. तोंडाशी गाळाचा उंबरठा झाला असेल तर त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चोवीस तासांनीही पाणी उभं असलेल्या खुंट्या तेवढ्या मागे ठेवा, बाकीच्या उपटा. पुढच्या वापशाला त्या खुंट्यांपुरतीच सफाईची फेरी लागेल.

डिचर परत पाठवताना पात्यांमधली काळी माती ओली असतानाच धुवा आणि तिन्ही होजना टोपणं लावा, केस ड्रेनलाही. ते टोपण पुन्हा जोडताना काढायचं आहे, अशी पट्टी त्याला बांधून ठेवा.